ओढणाऱ्यांचा वाटा

गोळी सुटली आणि पाठोपाठ पिकल्या भोपळ्यावर थाप मारावी तसा पोकळ आवाज आला. हेल्वी तेव्हाच समजली की गोळी पोटात बसली. छातीत बसली असती तर आवाज वेगळा आला असता. तिच्या बापाने अक्षरओळखीच्या आधी तिला हा फरक शिकवला होता. ती आपल्या आडोशातून उठली, बंदूक खांद्याला अडकवली आणि ओढा ओलांडून नवऱ्याच्या दिशेने जवळजवळ धावतच निघाली.

तौनो हरखून गेला होता. टोपी हातात, केस विस्कटलेले, अंगावरच्या नारिंगी जाकिटाची चेन उघडी.

"पाहिलीस का शिंगं? अगं, त्यावर पाळणा टांगता येईल! दहा टोकं असतील. बाराही असतील!"

"लागली कुठे?"

"लागली ना! उडीच मारली त्याने."

"कुठे लागली, विचारते मी."

तो हातातली टोपी झटकत राहिला. हेल्वी खाली वाकली. वाळल्या गवतावर तपकिरी केस पडले होते आणि रक्ताचे दोनचार थेंब. रक्तात काहीतरी हिरवट मिसळलेलं होतं. तिने बोट लावून नाकाशी नेलं. शेणाचा वास.

"पोटात," ती म्हणाली.

"फार लांब होता," तौनो म्हणाला.

लांब होता हे तिलाही दिसत होतं. दिसत नव्हतं ते एवढंच, की तासाभरापूर्वी याच माणसाच्या अगदी नाकासमोरून एक पोरसवदा नर गेला तेव्हा याची बंदूक गप्प का राहिली. बोटभर शिंगांचा, गुबगुबीत. हेल्वीने तो पलीकडच्या उतारावरून पाहिला होता; तिच्या आड झाडं येत होती, नाहीतर तिनेच पाडला असता. आता गोळी सुटेल, मग सुटेल म्हणून ती दात आवळून बसली आणि हरीण चरत चरत निघून गेलं. तिला वाटलं बंदूक अडकली. बंदूक कसली अडकते! साहेब शिंगांची वाट बघत बसले होते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात ते यालाच.

आणि हा तौनो! इतकी वर्षं नुसत्या शिंगांपायी शिकार करणाऱ्यांची टिंगल करण्यात याच्याइतका पुढे कुणी नव्हता. "किती वेळ लागतो रे शिंगं शिजायला?" असं अर्विडच्या बारमध्ये भर गर्दीत विचारायचा. पण एप्रिलमध्ये लोखंडाची खाण बंद झाली. तौनो तिथे मुकादम होता. रस्त्यात चार माणसं थांबवून त्याचं मत विचारायची. आता कुणी काही विचारेना. अर्विडच्या बारबाहेर दरवर्षी शिकारीच्या हंगामात मोठ्या वाशावर हरणं टांगतात, आणि ज्याची शिंगं सगळ्यात मोठी त्याचं नाव आतल्या फळीवर कोरतात. माणूस मरतो, पण फळीवरचं नाव राहतं. हेल्वीला हे कळत नव्हतं असं नाही. पण घरच्या फ्रीझरचा तळ ऑगस्टपासून उघडा पडला होता, आणि तिन्ही पोरं खारवलेल्या माशाचं ताट बघून तोंड फिरवायला लागली होती. अमेरिकेच्या उत्तरेला, लेक सुपीरियर या अफाट तळ्याच्या काठी हिवाळा मे महिन्यापर्यंत ठाण मांडतो. एक हरीण, तेही धडधाकट मोठं, म्हणजे निम्मा हिवाळा.

"आपण संध्याकाळपर्यंत थांबायचं," तौनो म्हणाला. "आत्ता माग काढला तर तो उठेल आणि सीडरच्या दलदलीत शिरेल. मग तेलही गेलं आणि तूपही."

"संध्याकाळी शिंगं सापडतील. मांस नासलेलं असेल."

"थोडंफार जाईल."

"थोडंफार? अरे, पोट फुटलंय त्याचं. आणि ही हवा बघ. नोव्हेंबरात माशा घोंगावताहेत."

"तुझ्या बापानेच शिकवलंय ना, पोटात बसली तर थांबायचं?"

"बापाने बर्फात शिकवलंय. बर्फ कुठाय?"

दोघंही बरोबर होते, आणि म्हणूनच कुणी मागे हटेना. शेवटी तौनो म्हणाला, "मी गावातून दोर घेऊन येतो. तू इथून हलू नकोस."

दोर पिकअपमध्येच होता. सकाळी तिनेच ठेवला होता. दोर कशाला हवाय ते तिला कळलं. जनावराच्या अंगावर हात पडेपर्यंत त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हा नियम या जंगलात पाळण्यातली पोरंसुद्धा जाणतात. आणि हा निघाला होता बारमध्ये सांगायला.

पिकअपचा आवाज विरला. हेल्वी ओंडक्यावर बसली. डब्यातली पेस्टी, बटाटा-कांदा भरलेली मोठी करंजीच, काढली, एक घास घेतला आणि परत गुंडाळून ठेवली. उठली. बंदुकीचा खटका तपासला. बसली. थर्मासमधली कॉफी ओतली, ती कपातच गार झाली. ऊन वर चढत होतं. तिने जाकीट काढलं, मग स्वेटर काढला, आणि प्रत्येक कपड्याबरोबर तिला त्या जनावराचं मांस तापताना दिसत होतं. नुसतं मांसच नाही. तेही कुठेतरी पडलं असेल, आतून आग होत असेल, उठावं की नको हे त्यालाही कळत नसेल. इकडे आपण कॉफी पीत बसलोय. तिला स्वतःची शिसारी आली. ती परत उठली, आणि या वेळी बसली नाही.

ती अगदी हळू गेली. एक पाऊल, मग थांबायचं, मग बघायचं. रक्त फारसं नव्हतंच; दबलेलं गवत, उलटलेलं पान, शेवाळावर खुराची खूण. एके ठिकाणी ते बसून उठलं होतं, तिथे हिरवट डाग. पुढे जमीन मऊ झाली, सीडरची झाडं दाट झाली, बुटात पाणी शिरलं. आणि मग दिसलं.

आडव्या पडलेल्या खोडामागे ते बसलं होतं. खोडाने सगळं अंग झाकलं होतं. वर फक्त डोकं आणि शिंगं. तौनोने काही वाढवून सांगितलं नव्हतं. तसली शिंगं हेल्वीने जन्मात पाहिली नव्हती. जनावराने तिच्याकडे पाहिलं. कान हलले, पण ते उठलं नाही.

बाजूने जावं तर दोन्हीकडे काळं पाणी. एक पाऊल वाजलं की ते उठून आत पळणार. छाती दिसत नव्हती, मानही नव्हती. दिसत होतं ते फक्त कपाळ. कपाळात गोळी घातली की कवटी दुभंगणार, आणि दुभंगलेल्या कवटीची शिंगं कुणी मोजत नाही, कुणी टांगत नाही. आपण नुसतं बसून राहिलं तर संध्याकाळपर्यंत ते आपोआप मरेल. शिंगं अख्खी राहतील, आणि तौनोचं नाव फळीवर जाईल.

हेल्वीने बंदूक खाली घेतली. क्षणभर तिला खरंच वाटलं, असू दे. काढू एक हिवाळा माशांवर. एप्रिलपासून या माणसाला एक चांगली गोष्ट मिळालेली नाही, ही तरी मिळू दे. मग त्या नराने हनुवटी खोडावर टेकवली, आणि परत उचलायला गेला तर त्याला उचलवेना. दोनदा प्रयत्न केला त्याने.

तिने गोळी झाडली.

पोट तिने तिथेच साफ केलं. वास असा की तोंड फिरवून फिरवून श्वास घ्यावा लागला. आतलं कोवळं मांस गेलं होतं, डाव्या बाजूची बरगडी आणि मांडीची कड हिरवी पडली होती. दलदलीचं गार पाणी टोपीने आत ओतून ओतून तिने सगळं धुतलं. मग मागचे दोन पाय, खांदे, पाठ, एकेकावर नाक टेकवून हुंगलं. बहुतेक वाचलं होतं. ती हरणाच्या मांडीवर हात टाकून तिथेच चिखलात बसली आणि तिला रडायला आलं. डावं शिंग कवटीच्या तुकड्यासकट हातभर लांब जाऊन पडलं होतं.

माणसांचे आवाज आले तेव्हा ती हात धूत होती. पुढे तौनो, शीळ घालत. मागे बारवाला अर्विड, म्हातारा ओन्नी आणि सुलो, जो तौनोच्या हाताखाली खाणीत होता आणि खाण बंद झाली त्याच दिवशी घरी बसला. बारमध्ये त्यांच्यासमोर काय काय फुशारकी झाली असेल ते तौनोच्या चालण्यावरून कळत होतं.

"गोळी ऐकली आम्ही," तो म्हणाला. मग त्याला दिसलं.



"फक्त डोकंच दिसत होतं," हेल्वी म्हणाली. "मांस वाचलं."

तौनोने पडलेलं शिंग उचललं, बोटाने एकेक टोक चाचपलं. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही.

"अरे, हे तर जोडता येईल!" अर्विड एकदम म्हणाला. "आतून एक स्क्रू मारू, वरून जरा मेण. वाशावर टांगल्यावर कोण कवटी बघतंय? फळीवर तुझंच नाव टाकतो मी."

"हो हो," ओन्नी म्हणाला. "कोण बघतंय!"

तौनोने वर पाहिलं. आधी अर्विडकडे, मग ओन्नीकडे. दोघांनी नजर चुकवली. हेच दोघं मागच्या वर्षी एका माणसाच्या शिंगाचं एक तुटकं टोकदेखील मोजायला तयार नव्हते, तासभर भांडले होते. आज स्क्रू मारायला निघाले होते. तौनोचे कान लाल झाले.

"नको," तो म्हणाला. "चला, ओढा."

चौघांनी ओढलं, हेल्वी बंदुका घेऊन मागे. दलदलीतून रस्त्यापर्यंत येता येता सगळे घामाने निथळले. पण हेल्वीला काळजी होती ती वेगळ्याच गोष्टीची. इथली रीत अशी, की जो ओढायला हात लावतो त्याला वाटा. आणि तो वाटा मालक रस्त्यावरच कापून देतो, घरी नेऊन नाही. तौनोने बढाई मारायला तीन माणसं आणली होती. तीन वाटे! शिंगं तिने घालवली, आता मांस हा घालवणार.

आणि खरंच, पिकअपशी येताच त्याने सुरी काढली. आवाज नको इतका मोठा.

"बोला! कुणाला काय? लाजू नका, भरपूर आहे!"

हेल्वीला वाटलं त्याच्या थोबाडीत द्यावी.

अर्विडने हनुवटी खाजवली. "मला ते तुटकं शिंग दे. बाटल्या उघडायच्या चावीला मूठ करीन म्हणतो."

"मी कातडं घेईन," ओन्नी म्हणाला. "सुनेला हातमोजे हवेत."

"कातडं? भोक पडलेलं?" तौनो म्हणाला.

"हाताला पाच भोकं लागतातच की बाबा."

कुणी हसलं नाही. तौनोचा जबडा आवळला गेला. त्याला कळत होतं. शिंग काय, कातडं काय, लहान पोराचा खेळ मोडू नये म्हणून मोठी माणसं बोलतात तसं ते बोलत होते. हेल्वीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाजही वाटली. आता उरला सुलो. तो शेपूट मागेल, मासे पकडायच्या गळाला केस लागतात म्हणेल, आणि सुटलो.

सुलो बुटांकडे बघत उभा होता. हनुवटीवर चिखल, दोराने तळवे लाल.

"मला," तो म्हणाला आणि थांबला. "मला मागचा पाय चालेल."

"सुलो, अरे..." ओन्नी पुटपुटला. अर्विड खोकला.

सुलो मान वर करेना. त्याची बायको पोटुशी होती, आणि त्याला त्या हंगामात एकही हरीण दिसलेलं नव्हतं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

हेल्वीने तौनोकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा ताठ नव्हता. खांदे खाली आले होते. "चालेल म्हणजे काय!" तो म्हणाला, आता नेहमीच्या आवाजात. "कुठला हवा, डावा की उजवा?"

"कुठलाही."

तौनो डाव्याला हात घालणार तोच हेल्वीने त्याच्या हातातून सुरी घेतली. डाव्याची कड खराब होती. कापून टाकली तर निम्मा कामाचा. उजवा अख्खा, स्वच्छ. पोरांचं काय, हा विचार सांध्यापर्यंत तिच्याबरोबर आला. मग तिने उजव्याच्या सांध्यात सुरी घातली, फिरवली आणि पाय सोडवला. जड होता. दोन्ही हातांनी तिने तो सुलोपुढे धरला.

सुलोने जाकीट काढून त्यात तो गुंडाळला. "घरी बोलू नका कुणापाशी," तो म्हणाला, "मी मागितला म्हणून."

"मागितलास कुठे?" तौनो म्हणाला. "ओढलंस ना तू."

मग त्याने आणि हेल्वीने उरलेलं हरीण उचलून पिकअपमध्ये टाकलं. आता ते दोघांना सहज उचलता आलं.