बाप्तिस्मा कुणाच्या हातून

आमच्या ह्यांच्या छातीत नळी आहे, हे चर्चच्या मंडळीत कुणालाच माहीत नव्हतं. ते कळू नये म्हणून मी आठ महिने खोटं बोलत होते. पाळकाच्या बायकोला पेटी वाजवता यावी, वीस माणसांचा चहा चटकन करता यावा, हे लग्नाआधी सगळे सांगतात. धडधडीत खोटं बोलता यावं, हे कुणी सांगत नाही. "पास्टर कुठंयत?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "शुगर तपासायला गेलेत." आठवड्यातून तीनदा, चार-चार तास शुगर कोण तपासतं, असं एकानंही विचारलं नाही. भोळी माणसं होती.

शुगर होतीच. तिनंच दोन्ही किडन्या खाल्ल्या. डायलिसिससाठी आधी हातातल्या शिरा जोडल्या, ते दोनदा बंद पडलं. मग गळ्याखालून छातीत नळी घातली. तिची दोन तोंडं बाहेर लोंबतात आणि वर पट्टी असते. पट्टी भिजली की जंतू सरळ रक्तात. जूनमध्ये आंघोळ करताना ती भिजली, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवरच ह्यांचे थंडीनं दात वाजायला लागले. बारा दिवस आयसीयूत काढले. तिथल्या डॉक्टर पद्मावती मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही." तेव्हापासून ह्यांची आंघोळ बंद. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं काम माझ्याकडे.

ह्यांचं नाव तातेराव. मूळचे जालन्याकडचे, घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, तिकडंही पाळकाचंच काम केलेलं. हैदराबादेत तेलुगू मंडळ्या गल्लोगल्ली, मराठी माणसानं देवाशी बोलायचं कोणत्या भाषेत, असं ह्यांना वाटलं आणि चार वर्षांपूर्वी मलकपेठेत एका ट्यूशन क्लासची खोली रविवार सकाळपुरती घेतली. मागच्या फळ्यावर त्रिकोणमिती, पुढं हे उभे राहून तारणाबद्दल सांगतायत. पहिली दोन वर्षं ऐकायला मी आणि पंखा.

मग नांदेडकडची चतुराबाई आली. तिचं पोट सहा महिने दुखत होतं, ह्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि दुखणं राहिलं. प्रार्थनेनं राहिलं की मी दिलेल्या हिंगानं, याबद्दलचं मत मी माझ्यापाशीच ठेवलं. तिच्या मागोमाग तिचा मुलगा अंबाजी आणि सून भामा आली. पुढं कुरिअर ऑफिसात काम करणारा प्रज्ञेश आणि त्याची बायको शिवानी. ही पाच मोठी माणसं, त्यांची चार पोरं. एवढीच आमची मंडळी.

सगळी प्रार्थनेनं बरं वाटतं म्हणून आलेली. अशा माणसांना कसं सांगायचं, की बाबांनो, तुमच्या डोक्यावर हात ठेवणारा स्वतः मशीनवर जगतो? आमच्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे, पण साक्ष बरं झाल्यावर द्यायची. उभं राहून "मी आजारी होतो आणि अजून आजारीच आहे" असं सांगितलेलं मी जन्मात ऐकलं नाही. हे म्हणायचे, "रेणुका, बरा झालो की सांगेन."

नोव्हेंबरात त्या पाचही जणांनी बाप्तिस्मा मागितला. चार वर्षांत पहिला! हे लहान पोरासारखे रडले. आणि मला आधी आठवली ती छातीवरची पट्टी, कारण बाप्तिस्मा म्हणजे छातीभर पाण्यात उतरायचं. डोक्यावर पाणी शिंपडून करता आला असता. ह्यांच्या स्वतःच्या आजाचा तसाच झाला होता. पण चार वर्षं फळ्यापुढं उभं राहून ह्यांनीच घसा फोडून सांगितलं होतं, की शिंपडणं म्हणजे अर्धवट काम, आतला जुना पापी माणूस पुरायचा तर पुरता बुडवा. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

दुसऱ्या पाळकाला बोलवावं, तर त्यातही मेख होती. आमच्या इकडची रीत अशी, की ज्याच्या हातून बाप्तिस्मा, त्याची माणसं. दाखला त्याच्या चर्चचा, नाव त्याच्या वहीत, शिक्का त्याचा. दुसऱ्याला पाण्यात उतरवणं म्हणजे चार वर्षांची मंडळी उचलून त्याच्या ओटीत घालणं.

आमच्याकडे टाकी नव्हती, म्हणून दिलसुखनगरच्या पास्टर देवसहायमांची मागितली होती. तेलुगू मंडळी, पाचशे माणूस, एसी, स्टेजखाली सिमेंटची टाकी. रविवारी दुपारची वेळ ठरली.

शनिवारी सकाळी हे न्हाणीघरात शिरले ते बराच वेळ बाहेर येईनात. मी दार ढकललं. छातीला प्लॅस्टिकची पिशवी, तिच्याभोवती खाकी चिकटपट्टी, आणि हे मगानं स्वतःवर पाणी ओतून बघतायत. मी पिशवी सोडवली. आतली पट्टी एका कोपऱ्यात भिजली होती.

"उद्या जास्त घट्ट लावू," हे म्हणाले.

"उद्या पाच वेळा वाकायचंय. पाच माणसं पाण्यातून उचलायचीत."

"देव बघेल, रेणुका."

"देवाला बघायचं तेव्हा बघेल. जूनमध्ये त्यानं बघितलं नाही, मी बघितलं! बारा दिवस!"

असं मी याआधी कधी बोलले नव्हते. हे काही चिडले नाहीत. मला म्हणाले, "मला किती दिवस आहेत ते मला कळतं. मी पाच माणसं मागे ठेवून जाईन. नाहीतर काहीच नाही." मी रडत रडत पट्टी बदलली.

दुपारी हे डायलिसिसला गेले तेव्हा मी देवसहायमांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "अय्यो अम्मा, इत्ते दिन चुप कैसे बैठे तुम लोगां? मैं उतरतूं पानी में. टेन्शन नक्को लेव." आणि जरा थांबून, "लेकिन देखो, दाखला हमारे चर्च का बनता. नाम हमारी वही में. कमिटी का रूल है, मेरे हाथ में नै."

मी "हौ" म्हटलं. एका दमात म्हटलं, विचार करायला थांबले असते तर म्हटलं नसतं. आणि ह्यांना सांगितलं नाही.

रविवारी हे पांढरा झगा घालून आले. झग्याखाली पिशवी चुरचुरत होती, मला ऐकू येत होती. टाकीपाशी देवसहायमही पांढऱ्या झग्यात उभे. ह्यांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय झालंय ते ह्यांना कळलं. तरी हे पुढं झाले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. घोट्यापर्यंत पाणी आलं.

मग मी सगळ्यांसमोर ओरडले, "त्यांना उतरू देऊ नका! छातीत नळी आहे त्यांच्या. दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिस चाललंय आठ महिने."

चतुराबाई पुढं आली, तिनं ह्यांचा दंड धरला आणि पायरीवरून मागे घेतलं. "बाबा, आमच्यासाठी एवढ्या प्रार्थना केल्या, अन् आमाला तुमच्यासाठी एक करू दिली न्हाई? कामून सांगितलं न्हाई?" प्रज्ञेशचा चेहरा उतरला होता. तो मला हळूच म्हणाला, "आंटी, आपने पहले बोलना था ना. आम्ही काय परके होतो का?" आठ महिन्यांत हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. आम्ही समजत होतो की कळलं तर सोडून जातील. त्यांना लागलं ते वेगळंच.

ह्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. देवसहायम उतरले. एकेकाला धरून त्यांनी पाण्याखाली घातलं आणि वर काढलं, तेलुगूत आशीर्वाद दिला. चतुराबाई वर आली तेव्हा खोकत होती आणि हसत होती. हे खुर्चीतून प्रत्येकाच्या वेळी "आमेन" म्हणत होते. पाच वेळा म्हणाले. आवाज मोठा होता, मला ते ऐकवत नव्हतं.

पुढच्या रविवारी सगळे मलकपेठेत आले, ह्यांच्यासाठी फळं घेऊन. त्याच्या पुढच्या रविवारी प्रज्ञेश आणि शिवानी आले नाहीत. दिलसुखनगरच्या चर्चची गाडी दारापर्यंत येते, आणि पोरांना मराठी वाचता येत नाही, तिथं पोरांच्या वर्गात हिंदी गाणी पडद्यावर दिसतात, असं शिवानीनं फोनवर सांगितलं. तिच्या बोलण्यात काडीचंही कपट नव्हतं. अंबाजी-भामा नाताळानंतर गेले. देवसहायमांनी कुणाला बोलावलं नाही की ओढलं नाही. मी शिव्या द्यायला माणूस शोधत होते, पण कुणी सापडलं नाही. मी आरशात बघत नव्हते, एवढंच.

शेवटी उरली चतुराबाई. ती जानेवारीत घरी आली आणि दारातच उभी राहिली.

"बाई, राग मानू नका. आता माझं किती राह्यलं? मेल्यावर पुरायला जागा पाह्यजे. कबरस्तानात चिठ्ठी त्याच चर्चची चालती जिच्या वहीत नाव असतं. तुमच्या मंडळीला जागा न्हाई."

तिचं खोटं नव्हतं. हे आतून ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आणि तिला जिन्याच्या टोकापर्यंत सोडलं.

परत येऊन पलंगावर बसले. मग म्हणाले, "मंगळवारी मी मशीनवर असेन तेव्हा तू दिलसुखनगरला जाऊन ये. आपली दोघांची नावं तिथं घाल."

"कशाला?"

"चतुराबाई बरोबर बोलली. मला तरी चिठ्ठी कोण देणार?"

मी खूप भांडले. असलं अभद्र बोलू नका म्हटलं, ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव आहे म्हटलं. मंगळवारी मी गेले.

ऑफिसात भाग्यलक्ष्मी नावाची मुलगी होती, गोड बोलणारी. तिनं फॉर्म दिला. नाव, वय, पत्ता मी भरलं. पुढं होतं 'काम'. मी ह्यांच्या नावासमोर लिहिलं, पाळक.

तिनं ते बघितलं आणि तिलाच अवघडल्यासारखं झालं. "आंटी, वो नक्को लिखो ना. हमारे पास पास्टर एकीच रहते. कमिटी फॉर्म वापस कर देती."

"मग काय लिहू?"

"अंकल अब करते क्या?"

तीस वर्षं त्या माणसानं दुसरं काही केलं नव्हतं. तिनं माझ्या हातातलं पेन हळूच घेतलं, शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कुछ नहीं'. मी सही केली.

घरी आले तेव्हा हे डायलिसिसहून येऊन पडले होते. विचारलं, "घातलं नाव?"

"घातलं."

"कामाचं काय लिहिलं?"

मी सांगितलं. मला वाटलं, यावर तरी चिडतील, ताट भिरकावतील, मला दोन शब्द ऐकवतील. ऐकून घ्यायला मी उभीच होते.

"बरोबर आहे," हे म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

मी त्यांना मरू दिलं नाही. पण त्या दिवसापासून ते जगतायत, असंही मला एकदा वाटलेलं नाही.