रात्रीचं ऊन

हालवारला खोटं बोलता येत नाही, हे गुनवोरला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. खरं सांगायचं असलं की हा बाबा दोन शब्दांत आटोपतो. थाप मारायची असली की तपशील पुरवत बसतो. बर्फ ढकलणाऱ्या गाडीखाली मांजर गेलं, तेव्हा यानं सांगितलं, ते पलीकडच्या गोठ्यात राहायला गेलंय, तिथं त्याला दूध मिळतं, निळ्या वाटीत, गोठेवालीला त्याचा लळाही लागलाय. निळी वाटी ऐकली मात्र, गुनवोर तडक मागच्या अंगणात गेली. बेरीच्या झुडपाखालची माती ताजी उकरलेली होती.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं त्याला दम भरला. "जे होईल ते तोंडावर सांगायचं. निळी वाटी नकोय मला."

"नाही गं," हालवार म्हणाला.

गाठ तिच्या स्वादुपिंडात होती. सर्जन इंग्विल, वयानं लेकीएवढी, खाटेच्या कडेवर बसून सगळं स्पष्ट बोलली होती. गाठ काढता आली तर दिवसभराचं काम, संध्याकाळ उलटून जाईल. पण आत गेल्यावर यकृतावर ठिपके दिसले, तर काही कापण्यात अर्थ नाही. तसंच शिवून टाकायचं, आणि मग औषधांवर जेवढं निभेल तेवढं.

शेजारच्या खाटेवरची आस्लाउग घरी जायला निघाली होती, तरी जाता जाता कानाशी लागलीच. "शुद्धीवर आलीस की आधी घड्याळ बघ. ही माणसं गोड बोलतात, घड्याळ बोलत नाही. लवकर जाग आली तर समजून जा, उघडलं नि शिवलं."

"बरं धीर देतेस गं बाई!" गुनवोर म्हणाली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. जून महिना, आणि इतक्या उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य रात्रीही बुडायचं नाव घेत नाही. खिडकी दक्षिणेकडची, खाडीपलीकडचा डोंगर दिवसभर काळाकुट्ट दिसायचा, कारण ऊन त्याच्या पाठीवर. रात्री सूर्य फिरून उत्तरेला, इस्पितळाच्या मागे आला की त्या कड्याचं तोंड तांब्याच्या हंड्यासारखं उजळायचं. ती पहाटेपर्यंत त्याच्याकडे बघत पडली होती. सकाळी त्यांनी तिला आत नेलं.

जाग आली तेव्हा घसा कोरडा ठणठणीत होता आणि पोटात कुणी विस्तव ठेवल्यासारखं वाटत होतं. समोर भिंतीवर घड्याळ. काटे साडेअकरावर.

साडेअकरा! म्हणजे उघडलं नि शिवलं.

"गुनवोर?" हालवार खुर्चीतून पुढे सरकला. डोळे लाल, दाढीचे खुंट वाढलेले. "झालं सगळं. निघाली गाठ."

"साडेअकरा वाजलेत," ती कशीबशी म्हणाली.

"रात्रीचे," तो पटकन म्हणाला. "रात्रीचे साडेअकरा. दिवसभर चाललं ना ते."

तिनं डोळे मिटले. खरंच की, जूनमधलं ऊन काय, सकाळी अकराला असतं तसंच रात्री अकराला! सुटकेनं तिला रडूच यायला लागलं. पोटातला विस्तवही क्षणभर हवासा वाटला. गाठ होती तिथं आता नुसती आग होती, आणि आग विझते.

"इंग्विल फार खूश होती," हालवार सांगत होता. "मधे तिनं दोनदा कॉफी घेतली. दुसऱ्यांदा दालचिनीचा बन पण खाल्ला. म्हणाली, गाठ अगदी अलगद सुटून आली. तुला अतिदक्षता विभागात ठेवणार होते, पण तिथं खाट रिकामी नव्हती, म्हणून इकडंच आणलं. तिथल्या नर्सचा भाऊ आपल्याच बेटावरचा निघाला, बोटी रंगवतो..."

गुनवोरनं डोळे उघडले. दालचिनीचा बन?

बोटी रंगवणारा भाऊ?

मान वळवायला तिला फार कष्ट पडले. पडदा अर्धा ओढलेला होता, पण उरलेल्या फटीतून खाडी दिसत होती आणि खाडीपलीकडे डोंगर दिसत होता. काळाकुट्ट. कड्याच्या तोंडावर उजेडाचा कवडसासुद्धा नव्हता.

ती बराच वेळ बघत राहिली. आधी तिला संताप आला, असा की उठता आलं असतं तर तिनं त्याला उशी फेकून मारली असती. एवढं बजावून सांगितलं होतं मेल्याला! मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. हा माणूस सकाळपासून एकटा बसून दालचिनीचा बन जुळवत होता. तिला त्याची इतकी माया आली की पोटातल्या आगीपेक्षा तीच सोसेना.

"हालवार, पडदा पूर्ण ओढ रे," ती म्हणाली. "रात्रीचं ऊन डोळ्यांवर येतंय."

तो लगबगीनं उठला. पडद्याला हात घातला आणि तिथंच थांबला. जन्म गेला होता त्याचा या उन्हात. नजर डोंगरावर पडली आणि त्याचे खांदे खाली आले.

"सगळं बेतलंस," ती मागून म्हणाली, "त्या डोंगराचं काय करणार होतास रे?"

हालवार वळला नाही. "इंग्विल आताच येते म्हणाली होती. मीच म्हटलं, दुपारी या. तोवर तुला..."

"तोवर मला बरं वाटू दे, असंच ना?"

त्यानं मान डोलावली.

"मग दुपार व्हायची आहे अजून. ओढ पडदा. बस इथं." तिनं हात पुढे केला. "रात्रच आहे समज. सांग पुन्हा सगळं. तो बनचा भाग सांग. काय काय झालं आत?"

हालवारनं पडदा ओढला. खुर्ची खाटेला लावून बसला, तिचा हात दोन्ही हातांत धरला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढा बन, एवढी नर्स, एवढा तिचा भाऊ, पण एकही तपशील त्याच्या जिभेवर येईना.

"निघाली नाही," तो म्हणाला.

दोनच शब्द. गुनवोरनं त्याचा हात घट्ट धरला आणि दुपार होईपर्यंत सोडला नाही.