शुक्रवारी सातची पाळी

तळघरातल्या सौनाचं, इमारतीच्या सामाईक वाफेच्या खोलीचं, दार उघडलं आणि हेल्वीऐवजी दोन लालबुंद जुळी पोरं टॉवेल सांभाळत बाहेर पळाली. मागोमाग त्यांची आई नूरा केस पुसत आली.

"जा औलिस, दगड अजून चांगले तापलेत," ती म्हणाली. "आम्हाला एकदाची सहाची वेळ मिळाली बाई. आता ही दोघं आठला गुडूप होतील."

औलिस आत गेला. दगड तापलेले होते हे खरं, पण दगडांवर ओतायच्या पाण्याची लाकडी बादली कोरडी ठणठणीत होती.

एवढ्यातेवढ्यावरून मनाला लावून घेणारा तो माणूस नव्हे. पण या इमारतीत शुक्रवारी सहाची पाळी हेल्वीची आणि सातची औलिसची, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. आधी हेल्वी नवऱ्याबरोबर, ताइस्तोबरोबर यायची. ताइस्तो गेल्यावर ती एकटी येऊ लागली. निघताना बाकं पुसायची, मागच्या माणसासाठी बादली काठोकाठ भरायची, वर पळी आडवी ठेवायची. दारात गाठ पडली की म्हणायची, "वाफ छान आहे आज." औलिस म्हणायचा, "मग बरं आहे." झालं, आठवड्याचं बोलणं संपलं. फिनलंडमधल्या या टॅम्पेरे शहरात शेजाऱ्यांमध्ये एवढं बोलणं म्हणजे डोक्यावरून पाणी. औलिस मात्र या दोन वाक्यांवर पुढचा शुक्रवार गाठायचा. हे त्याने स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं.

सौनाच्या दारावर नव्या वर्षाच्या पाळ्या लावल्या होत्या. हेल्वीची पाळी बुधवारी रात्री आठ. बुधवार कुणी मागत नाही. आठवड्याच्या मध्यावर घामाघूम व्हायची हौस कुणाला असते?

औलिसच्या मते यात शंकेला जागाच नव्हती. गोंधळ प्रोग्रॅमचा होता. पाळ्या लावायचा जुना प्रोग्रॅम त्याने स्वतः, ऐन उमेदीत, पास्कल या जुन्या संगणकी भाषेत लिहिला होता. डिसेंबरात जो तो आपल्याला हवी ती वेळ सांगे आणि प्रोग्रॅम सगळ्यांना वेळेप्रमाणे ओळीत लावी. दोघांनी एकच वेळ मागितली, तर गेल्या वर्षी जो पुढे होता तो पुढेच राही आणि मागच्याला उरलेली वेळ मिळे. बरोबरीच्या दोघांनी एकमेकांना ओलांडायचं नाही. औलिसला या गोष्टीचा अभिमान होता. सगळ्याच संगणकी भाषा हे पथ्य पाळत नाहीत. काही भाषा घाईघाईत बरोबरीच्यांना कसंही खालीवर करून टाकतात आणि वर क्रम लावला म्हणून सांगतात. यंदा सोसायटीचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या सान्नीकडे गेलं होतं. तिने सगळं नव्याने लिहिलं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय प्रोग्रॅमलाही लागू पडतो. औलिसने तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला.

शनिवारी सकाळी तो सान्नीच्या स्वयंपाकघरात बसला होता. तिने न विचारता कॉफी ओतली, वेलदोड्याचे गोड पाव पुढे केले.

"कुठल्या भाषेत लिहिलंस?"

"पायथन. का हो?"

"बरोबरीच्यांची सरमिसळ झालीये. हेल्वीला बुधवारात ढकललंय."

सान्नी हसली. "औलिस, मला तेवढं कळतं. आधी सी प्लस प्लसमध्ये लिहिलं होतं. तिथली साधी क्रमवारी बरोबरीच्यांना हलवते. न हलवणारी वेगळी मागून घ्यावी लागते. पायथनमध्ये ती न मागता मिळते, म्हणून तिकडे गेले."

"दाखव."

तिने संगणक टेबलावर आणला. तीच माणसं, त्याच वेळा, तीन भाषांत. औलिसचं जुनं पास्कलसुद्धा तिने कौतुकाने जपून ठेवलं होतं. पास्कल आणि पायथनचा क्रम तंतोतंत जुळला. सी प्लस प्लसने शनिवारच्या पाचच्या दोघांची अदलाबदल केली. औलिसचे डोळे चमकले.

"बघ. मी काय म्हणत होतो?"

"ते बघितलं. आता हेल्वी बघा."

हेल्वी तिन्हीकडे बुधवारी आठला होती.

"तिला कुणी ढकललेलं नाही," सान्नी हळू आवाजात म्हणाली. "तिने मागितलाच बुधवार."

औलिसने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला आणि तो बाहेर काढायचा विसरला.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसंच झालं. तीन भाषा पालथ्या घातल्या आणि जिला विचारायचं ती त्याच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहत होती. पण समोरचं दार वाजवणं ही औलिसला तिन्ही भाषांपेक्षा अवघड गोष्ट. त्याने आधी कचरा खाली नेऊन टाकला, मग पायपुसणं झटकलं, मग घंटी वाजवली.

हेल्वीने दार उघडलं. हाताला पीठ लागलेलं होतं.

"तुम्ही बुधवार मागितलात," औलिस म्हणाला.

"मागितला."

"का?"

"नूरा किती वर्षं सहाची वेळ मागतेय. दर खेपेला तिच्या वाट्याला रात्रीचे नऊ. पोरं पेंगतात, रडतात. मी सान्नीला विचारलं, हिला का मिळत नाही? ती म्हणाली, तुम्ही आधीच्या, म्हणून तुम्हीच आधी. औलिसने तसं बांधून ठेवलंय."

"न्यायाचं आहे ते. कुणी कुणाला ओलांडत नाही."

"न्यायाचं आहेच. कोण नाही म्हणतं? पण मी हलल्याशिवाय त्या पोरांना वाट मिळेना. म्हणून मी हलले."

ज्या गोष्टीसाठी औलिस इतकी वर्षं स्वतःची पाठ थोपटत आला होता, तिच्यापायी दोन लेकरं रात्री नऊला पेंगत होती. त्याला वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट याचं वाटलं, की नूराची पोरं हेल्वीला दिसली होती, त्याला नाही.

"बुधवारी वाफ कशी असते?" त्याने विचारलं.

"छान असते." हेल्वीने बोटांवरचं पीठ चोळून काढलं. "शांत फार. आधी कुणी नाही, मागे कुणी नाही. सवयीने बादली भरली आणि मग वाटलं, ही कुणासाठी भरतेय मी? जरा चुकल्यासारखं झालं."

औलिसने मान हलवली. मग निरोप न घेताच तो खाली, दुसऱ्या मजल्यावर गेला.

"बुधवारी सातची पाळी रिकामी आहे ना?"

"ती नेहमीच रिकामी असते," सान्नी म्हणाली.

"मला दे. माझा शुक्रवार ज्याचा नंबर लागेल त्याला जाऊ दे."

"शुक्रवारी सात? लोक त्यासाठी टपून बसलेत. एकदा सोडलीत की पुढच्या वर्षी सगळ्यांच्या मागे. तुमचाच नियम आहे, औलिस."

"माहीत आहे. मीच लिहिलाय."

सान्नीने पुढे काही न विचारता त्याचं नाव बुधवारी सातला टाकलं. तेवढी ती शहाणी होती.

बुधवारी औलिस नेहमीपेक्षा कमी वेळ बसला. बाकं पुसली. बादली काठोकाठ भरली, पळी आडवी ठेवली, ती वाकडी वाटली म्हणून पुन्हा सरळ केली. बाहेर आला तर हेल्वी टॉवेल घेऊन उभी होती. तिने त्याच्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि त्याच्या खांद्यावरून आतल्या बादलीकडे पाहिलं.

"वाफ छान आहे आज," औलिस म्हणाला.

"मग बरं आहे," हेल्वी म्हणाली आणि आत गेली.

औलिस जिन्याकडे वळला. पहिल्या पायरीवर तो थांबला. आत पळी बादलीत बुडाल्याचा आवाज झाला, मग तापल्या दगडांवर पाणी चर्रकन वाजलं. तेवढं ऐकून तो वर गेला.