पालथा ठेवलेला ग्लास

मित्रांनो, मी एक जुना वाइनचा ग्लास आहे. पाय काडीसारखा आणि पोट घागरीसारखे. वाइन हे मोठ्या माणसांचे पेय. तुम्ही माझ्याकडे फक्त काच म्हणून पाहा.

भट्टीत तापलेल्या काचेत फुंकर मारून कारागिराने मला फुगवले आणि मी एका घरगुती हॉटेलात आलो. तिथे प्रत्येकाचे काम ठरलेले होते. उंच, अरुंद ग्लासांत फसफसणारी वाइन, म्हणजे बुडबुडे लवकर उडून जात नाहीत. लहान ग्लासांत थंड पांढरी, कारण मोठ्यात ती लगेच कोमट होते. माझ्यात लाल, तीही तळाशी थोडीशीच. "अर्धा रिकामा का?" असे गिऱ्हाइकाने विचारले, की मालक म्हणत, "अहो, नाकासाठी जागा ठेवलीय." माझ्या पोटात वास साठतो, हेच माझे कौतुक होते.

पुढे ग्लासांची जबाबदारी मालकांच्या सूनबाईंकडे आली. त्यांचा एक डोळा आमच्यावर, दुसरा रांगत्या लेकीवर. त्यांच्या भावाने द्राक्षे लावून पहिल्यांदाच लाल वाइन केली होती. मालकांना आवडली तर सगळी हॉटेलात घेणार. नाहीतर त्याला दुसरे गिऱ्हाईक नव्हते. चव घेण्याचा दिवस जवळ आला, तशी सूनबाईंची झोप उडाली. धुळीचा कण नको म्हणून त्यांनी आम्हाला धुऊन नव्या लाकडी कपाटात पालथे घातले आणि दार घट्ट लावले. माझा जीव गुदमरला. लाकडाचा, पॉलिशचा कोंदट वास पोटात साचत गेला. ओरडावेसे वाटे, पण काचेला तोंड असले तरी वाचा नसते.

चव घेण्याच्या दिवशी संध्याकाळी भावाने माझ्यात वाइन ओतली. मालकांनी मला हलकेच फिरवले, नाक जवळ आणले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पाहुणे, कोंदट वास येतोय. पिंप नीट वाळवलं नव्हतं का?"

"वाळवलं होतं," भाऊ म्हणाला. मग आवाज खाली गेला. "राहिलं असेल कदाचित." तो बाटलीला बूच लावू लागला.

सूनबाईंनी लेकीला सासूबाईंकडे दिले, कपाटातून माझा जोडीदार काढला आणि त्या रिकाम्या ग्लासाला नाक लावले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, वास वाइनला नाही, ग्लासाला आहे. मीच पालथे घालून कोंडून ठेवले होते."

"धन्य आहेस गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "पोरीला पण अशीच पांघरुणात गुंडाळतेस, नाक तेवढं बाहेर."

कुणी फारसे हसले नाही. सूनबाईंनी मला गरम पाण्याने धुतले, पुसले आणि उघड्या खिडकीत सरळ उभे केले. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मनात एकच धाकधूक होती: दोष खरोखरच वाइनचा निघाला तर?

पुन्हा वाइन ओतली गेली. मालकांनी वास घेतला. घोट घेतला. मग दुसरा घोट घेतला.

"एकूण पिंपं किती म्हणालात?"

भावाने हातातले बूच खाली ठेवले. आकडा सूनबाईंनीच सांगितला, पदराने डोळे टिपत.

मित्रांनो, आमच्यावर धूळ बसली तर पुसा. धूळ आम्ही सोसतो. पण धक्का लागेल, डाग पडेल या भीतीने कुणाला अंधारात कोंडू नका. जपलेल्यालाही वारा हवा असतो.