येते म्हण

रेसच्या दिवशी नवीन काही करायचं नाही, हा महेंद्र सरांचा पहिला नियम. नवे मोजे नाहीत, नवं खाणं नाही, नवा विचारसुद्धा नाही. सर आम्हाला सायकलिंग शिकवतात, पण पायांपेक्षा डोक्यावर जास्त मेहनत घेतात. त्यांचं म्हणणं, पाय सगळ्यांचेच दुखतात. जिचं डोकं आधी दमतं ती मागे राहते. म्हणून वर्षभर मी रोज झोपण्याआधी डोळे मिटून रस्ता बघितला. भिंगारच्या पुढचा सपाट पट्टा, मग चांदबिबी महालाचा चढ आणि त्यातलं शेवटचं वळण, जिथे माझे पाय दगड होतात. त्या वळणावर मनात म्हणायला सरांनी प्रत्येकीला एक शब्द निवडायला लावला होता. मी निवडला 'जा'.

पहाटे नागापूर एमआयडीसीच्या रस्त्यांवर, कंपन्यांच्या बस सुरू व्हायच्या आधी, मी 'जा' म्हणत सायकल मारायचे. पुढे पुढे म्हणावंही लागेना, पाय आपोआप ऐकायचे. म्हणजे उजवा ऐकायचा. तुझा उजवा पाय राबतो आणि डावा बसून खातो, असं सर नेहमी म्हणत.

एवढं सगळं यंदाच कामाला यायला हवं होतं. जिल्ह्याच्या निवड चाचणीतून पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. आमच्या गटाला वयाची अट आहे आणि पुढच्या वर्षी मी त्यात बसत नाही. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

आणि आज सकाळीच आई दारात वाटी घेऊन उभी.

"हात पुढं कर."

"आई, आज नवीन काही खायचं नाही, सांगितलंय ना?"

"दही नवीन हाय व्हय? जन्मापासनं खातीस."

"रेसच्या आधी नाही खात. पोट बिघडलं तर?"

"चमचाभर दह्यानं काय हुतंय?"

वडील पहिल्या पाळीला गेले होते, नाहीतर त्यांनी माझी बाजू घेतली असती. मग मीच भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांनी फ्रेम करून लावलेल्या बावीस प्रतिज्ञा आहेत. आमच्या घरात शुभ-अशुभ नाही, मुहूर्त नाही, मांजर आडवं गेलं तर आम्ही त्याला दूध पाजतो. "त्यांच्याखाली उभी राहून दही-साखर देतेस?" मी म्हणाले.

"दही काय देव हाय का? दही हाय ते."

मी हेल्मेट घातलं. "जाते मी."

"येते म्हण."

वर्षभर मी डोकं शांत ठेवायला शिकले होते, ते सगळं त्या दोन शब्दांनी उंबऱ्यातच सांडलं. "जाते," मी म्हणाले. "रेसला निघालेलं माणूस जातं. येते-बिते काही नाही." आणि दार आपटलं. सायकलवर टांग टाकली तर मागून हाक, "सत्ये, येते म्हण की गं." मागून हाक मारू नये, हे मात्र ती सोयीस्कर विसरली.

मी वळून बघितलं नाही.

भिंगारपर्यंत शांत होईन असं वाटलं होतं. स्टार्टला पोचले, बाजूच्या रस्त्यावर वॉर्मअप सुरू केला, श्वास जागेवर आणला आणि मनात म्हणाले, 'जा.' लगेच मागून उत्तर, 'येते म्हण.' पुन्हा म्हणाले, 'जा.' पुन्हा तेच, तिच्याच आवाजात. वर्षभर घासूनपुसून तयार केलेला शब्द, आणि त्याला आता आई चिकटलेली. मला इतका राग आला की ब्रेकची तार तोडून टाकावीशी वाटली.

त्यात कोपरगावच्या राजनंदिनीचे वडील. मुलीची सायकल माझ्या सायकलीच्या दुप्पट महाग आणि गृहस्थ स्वतः स्टार्टपाशी येरझाऱ्या घालत प्रत्येकीला सांगत होते, "टेन्शन घ्यायचं न्हाई पोरींनो, अजिबात टेन्शन घ्यायचं न्हाई." तोपर्यंत जिला टेन्शन नव्हतं तिलाही आलं. राजनंदिनी बिचारी मान खाली घालून चेन तपासत राहिली.

शेवटी मी आईला फोन लावला. 'येते' म्हणून टाकावं आणि डोकं मोकळं करावं, एवढाच हिशेब. रिंग वाजत राहिली. आईचा फोन कायम आतल्या खोलीत चार्जिंगला आणि आई कायम बाहेर ओट्यावर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तेवढ्यात सर फोन गोळा करायला आले.

"काय झालं? चेहरा असा का?"

"माझा शब्द बिघडला, सर."

"बिघडला म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं; सर हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "मग दुसरा घे."

"रेसच्या दिवशी नवीन काही करायचं नाही, सर."

सरांनी माझा फोन घेऊन पिशवीत टाकला.

आमच्या रेसमध्ये एकेकीला वेगळं सोडतात. शेजारी कुणी नाही, चढाओढ नाही. फक्त रस्ता आणि घड्याळ. म्हणजे डोक्यातली कटकट ऐकायला मैदान मोकळं. सपाट पट्टा, जो माझा सगळ्यात चांगला, तोच मी आईशी भांडण्यात घालवला. तुला काय कळतं रेसमधलं. मी काय तुला सोडून मुंबईला चाललेय का कायमची. एक शब्द म्हटला नाही तर काय आकाश कोसळतं. गिअर चुकीचा होता हेही बऱ्याच वेळाने लक्षात आलं. हातातून वेळ जात होता, मला तो जाताना दिसत होता आणि मी भांडतच होते.

मग चढ लागला. निम्म्यात दम गेला. शेवटचं वळण आलं आणि ठरल्याप्रमाणे पाय दगड झाले. 'जा,' मी म्हणाले. पाय हलेनात. 'जा.' आणि पुन्हा आई, 'येते म्हण.'

"येते गं बाई," मी मोठ्याने ओरडले. "येते, येते, येते."

कडेला उभा असलेला पंच दचकला. मी थांबले नाही, कारण एक गंमत झाली होती. 'ये'ला डावा पाय खाली जात होता आणि 'ते'ला उजवा. 'जा' एकट्या उजव्याचा शब्द होता. वर्षभर मी डाव्याला बोलावलंच नव्हतं. आता दोघे कामाला लागले. ये-ते, ये-ते करत मी ते वळण चढले आणि वर पोचले तेव्हा तोंडाला फेस आला होता.

चढावर माझा वेळ सगळ्यात कमी होता. सरांनी तो पुन्हा पुन्हा तपासला. पण निवड एकट्या चढावर होत नाही. एकूण वेळेत राजनंदिनी पहिली. दुसरीच्या मी मागे राहिले ते एक शिंक येऊन जावी एवढ्याने. ती शिंक सपाट रस्त्यावर पडली होती, हे मला आणि सरांना दोघांनाही माहीत होतं.

मग परतीचा रस्ता. फोन थांबेना. मावशी, कॉलेजच्या मैत्रिणी, शेजारचे काका, सगळ्यांचा एकच प्रश्न, "कितवी आलीस?" तिसरी. "अरे वा, तिसरी म्हणजे छानच की." तिसरी म्हणजे काही नाही, हे मी कुणाकुणाला समजावून सांगू? शेवटी फोन बंदच केला.

आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. मी सायकल भिंतीला टेकवली. आता तीही विचारणार, म्हणून मी दात आवळून उभी राहिले.

"आलीस?" ती म्हणाली.

पुढचं काही विचारलंच नाही. मीच म्हणाले, "तिसरी. दोघींनाच नेणार आहेत."

"हात धू."

मी धुतले. ती आतून सकाळचीच वाटी घेऊन आली. दही आंबट झालं होतं, साखर विरघळून पाणी सुटलं होतं. "आता खाशील का, का अजून रेस हाय?"

मी हात पुढे केला.

"दोनदा फोन केल्तास," ती म्हणाली. "मी मागनं बघितलं. काय म्हनत हुतीस?"

"येते म्हणत होते."

तिने चमचाभर दही माझ्या हातावर ठेवलं. "मग आलीस की."

तेव्हा मला रडू फुटलं. रेस संपल्यापासून सगळ्यांना तिसरी आले, तिसरी आले म्हणून सांगत होते. नुसतं 'आले' असं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आले, आई," मी म्हणाले.