रिकामा ट्रक

ट्रक भरलेला आला की ड्रायव्हरला चहा मिळे, रिकामा आला की कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. माल उचलून रचणाऱ्या भाड्याच्या फोर्कलिफ्ट गोदामांत पोचवायच्या आणि मुदत संपली की परत आणायच्या, यातच त्याची उमर गेली होती. मशीन आलं म्हणजे काम आलं, मशीन गेलं म्हणजे चारदोन माणसं घरी. यात ट्रकवाल्याचा काय दोष? पण राग काढायला समोर कुणीतरी लागतं, आणि मालक लोक काही गेटवर उभे राहत नाहीत. गोदामांतले कामगार त्याला यमदूत म्हणत. तोही हसून "बोला, कुणाचा नंबर?" असं विचारायचा. अलीकडे विचारत नव्हता. थकला होता.

बाजाराचा काही भरवसा राहिला नव्हता. पुढच्या महिन्यात काम असेल की नाही हे गोदामवाल्यांनाच ठाऊक नसे, म्हणून त्यांनी स्वतःची मशीनं विकून टाकली आणि भाड्याची धरली. काम वाढलं की मागवा, घटलं की परत पाठवा. ही मशीनं भाड्याने देणाऱ्या यार्डाच्या मालकाने ट्रकच्या दारावर हौसेने रंगवून घेतलं होतं, 'हवं तेव्हा, हवं तितकंच.' ते मशीनबद्दल होतं, पण माणसांनाही कळायचं ते कळलं होतं.

एका दुपारी मालकाने त्याला उद्या कुठलं मशीन परत आणायचं ते सांगितलं. गोदामाचं नाव त्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं. तिथलं मशीन त्याचा जावई चालवत होता.

"तोंड बंद ठेवा," मालक म्हणाला. हे नेहमीचंच होतं. आधीच्या ड्रायव्हरने एकदा आदल्या दिवशी कुणाच्या तरी कानावर घातलं, तर कामगारांनी गेटला कुलूप ठोकून मशीन अडवलं. मालकाने त्या ड्रायव्हरला कायमचं घरी बसवलं. आता या वयात आपल्याला दुसरीकडे कोण उभं करणार, हा हिशेब त्याने तिथल्या तिथे केला आणि मान डोलावली.

नेमकं त्याच संध्याकाळी लेकीकडे जेवायला जायचं होतं.

"बाबा, तुम्ही तरी सांगा यांना," लेक वाढता वाढता म्हणाली. "शाळेची बस चालवायची नोकरी चालून आलीय. सकाळी हो की नाही ते कळवायचंय, आणि हे नाही म्हणतायत."

"पगार ऐकलास का त्यांचा?" जावई म्हणाला. "आणि आमच्याकडे माल छताला टेकलाय. अशात मशीन कोण परत पाठवतंय? काय बाबा? तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी कळतं!"

सासरा घोटभर पाणी प्यायला.

"घेऊन टाका की ती नोकरी, जावईबापू. कायमची आहे."

"का? काही कानावर आलंय?"

लेक हातातलं भांडं तसंच धरून थांबली. सांगायचं तर हीच वेळ होती.

"छे! आपलं असंच म्हटलं."

"बघ," जावई बायकोला म्हणाला, "बाबांच्याही कानावर काही नाही. उगाच जिवाला घोर लावून घेतेस." आणि त्याने खुशीत आणखी वाढून घेतलं.

सकाळी यार्डात ट्रक सुरू करण्याआधी त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खिशात टाकला. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी बोट पुढे सरकेना.

गोदामाच्या रखवालदाराने ट्रककडे पाहिलं आणि मान फिरवली. जावई मात्र हसतच धावत आला. "अहो बाबा, आज इकडे कुठे? दुसरं मशीन आणलंत की काय?" मग त्याची नजर ट्रकच्या मागच्या रिकाम्या फळ्यांवर गेली.

माल छताला टेकला होता, कारण तो कुणी उचलतच नव्हतं. आत येणं थांबलं, बाहेर जाणं थांबलं, मग मशीन कशाला हवं? सुपरवायझरने जमिनीकडे बघत एवढंच समजावलं आणि म्हणाला, "तूच चढव. तुझा हात बसलाय."

जावयाने मशीन एका झटक्यात, कुठे न घासता, रॅम्पवरून ट्रकवर नेलं. सीटवरची उशी सोडून घेतली. ती लेकीने शिवली होती. मग दोघांनी दोन बाजूंनी साखळ्या आवळल्या.

"काल जेवताना माहीत होतं?" जावयाने पलीकडून विचारलं.

मालक, कुलूप, वय, सगळी कारणं त्याच्या ओठांवर होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"हो."

जावयाने शेवटची साखळी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"मी सकाळीच शाळेत फोन करून नाही म्हणून सांगितलं," तो म्हणाला. "त्यांनी लगेच दुसरा माणूस घेतलासुद्धा."

"मी बोलतो त्यांच्याशी. हातापाया पडतो."

"राहू द्या." त्याने उशी काखेत मारली. "आणि तुम्हाला आधी माहीत होतं, हे तिला सांगू नका. माझं काम गेलेलं ती सोसेल. हे तिला सोसायचं नाही."

सासऱ्याने मान खाली घातली. जावई दोन पावलं गेला आणि वळला.

"रविवारी जेवायला या. नाही आलात तर तिला संशय येईल."