दारामागचा पेला

मिरजेच्या दवाखान्याच्या खिडकीतून कागद हातात पडला आणि त्यावरचा एकच इंग्रजी शब्द धोंडिरामला ओळखता आला. निगेटिव्ह. पुढे काही विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो एस.टी.त बसला आणि सांगलीला घरी आला.

शब्द चांगलाच ओळखीचा होता. एका गिरणीच्या पंपावर तो नऊ वर्षं कामाला होता. पंप कुरकुरला की नुसता कान लावून दुखणं ओळखणारा गडी, पण साहेबापुढे तोंड उघडेल तर शपथ. गिरणीच्या चाळीतल्या खोलीसाठी त्याने तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा लाल शाईत हाच शब्द लिहून अर्ज परत आला. क्षयाची इंजेक्शनं घेऊन आता आठ महिने झाले होते. तेव्हा इथलाही अर्ज नामंजूर झाला, औषधाने हात टेकले, असा सरळ हिशेब त्याने मांडला.

बायकोला, अंजनाला, त्याने तसंच सांगितलं. सुजाताला आटपाडीला आजीकडे ठेवू, असंही म्हणाला. दोन वर्षांची सुजाता दारातून त्याच्याकडे बघत होती. आठ महिन्यांत त्याने पोरीला हात लावला नव्हता, आणि आता कधीच लावायला मिळणार नाही, असं त्याने धरलं होतं.

पाणी प्यायला त्याने दारामागचा पेला काढला. गावाकडच्या हॉटेलात त्यांच्या वस्तीच्या कपबश्या बाहेर वळचणीला असत. प्यायचं आणि आपलं आपण विसळून ठेवायचं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्याने ठरवलं होतं, पुन्हा वेगळ्या भांड्याला तोंड लावायचं नाही. आणि आजार निघाला तशी त्यानेच स्वतःच्या घरात खिळा ठोकून स्वतःचा पेला वेगळा टांगला. अंजनाला तो खिळा कधीच बघवला नव्हता.

"पुसलं का तुमी डाक्टरास्नी?" तिने विचारलं.

"काय पुसायचं? लिवलंय की."

"खोलीचंबी असंच केलं. दिला कागद की आलं घिऊन. उद्या मी येती संगं."

दुसऱ्या दिवशी मिरजेला दवाखान्याच्या खिडकीवरच्या उमा सिस्टरांनी कागद वाचला, दोघांचे पडलेले चेहरे पाहिले आणि त्यांना हसूच आलं. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तेही लागोपाठ तिसऱ्या तपासणीत, एवढाच त्याचा अर्थ, असं त्यांनी समजावलं. आधीच्या दोन तपासण्यांचे कागद दवाखान्यातच ठेवलेले होते. इथं हा शब्द मिळावा म्हणून माणसं नवस बोलतात, म्हणाल्या. गोळ्या मात्र वर्षभर चुकवायच्या नाहीत.

धोंडिरामने आयुष्यात पहिल्यांदाच खिडकीशी उलट प्रश्न केला.

"म्हंजी, पोरीला घिऊ का मी?"

"घ्या की. आजच घ्या."

अंजना तिथंच पदरात तोंड घालून रडली. मग सांगली येईपर्यंत तिने नवऱ्याची चांगली खरडपट्टी काढली, आणि तो सुखाने ऐकत राहिला.

घरी आल्यावर तिने दोघांचा चहा घरातल्या कपांत ओतला. धोंडिरामने कप तसाच ठेवला, पक्कड घेतली आणि दारामागे गेला. खिळा सहजी निघेना. आपणच तो किती खोल ठोकला होता, याचं त्याला नवल वाटलं. शेवटी तो वाकडा होऊन बाहेर आला. तो फेकून त्याने हात धुतले, सुजाताला मांडीवर घेतलं आणि मगच कपाला तोंड लावलं.